दात आले की ये

सायकलच्या दुकानात हवा फुकट मिळते, हे उताराच्या गल्लीतल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ व्हायचं. गल्लीच्या अगदी तळाशी, जिथे ब्रेक न लागलेल्या सायकली आपोआप येऊन थांबतात, तिथेच ते दुकान होतं. जागा ज्याने निवडली त्याच्या हुशारीला दाद द्यायला हवी. पत्र्याचं शटर, आत भिंतीवर ओळीने टांगलेले टायर, खिळ्यांना अडकवलेले पाने, जमिनीवर तेलाचे डाग आणि उंबऱ्याशी पाण्याने भरलेलं लोखंडी घमेलं. दुकान चालवणारी बाई पन्नाशीची, अंगाने दणकट, बोटांना कायम वंगण लागलेलं. तिला सगळे हवामावशी म्हणायचे. तिचा नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होता आणि घरापेक्षा रस्त्यावरच जास्त असायचा. त्यानेसुद्धा फोनमध्ये तिचं नाव ‘हवा’ असंच ठेवलं होतं.

हवामावशीकडे पंक्चर काढायला आलेलं पोर लवकर सुटायचं नाही. ट्यूब घमेल्यात बुडवून ती बुडबुडे दाखवायची, “बघ, इथून पळतेय,” म्हणायची, आणि पंक्चरवर ठिगळ चिकटवून ते वाळेपर्यंत पंपाच्या नळीचा एक धुतलेला तुकडा पोराच्या हातात द्यायची.

“फुंक आता पाण्यात. बुडबुडे थांबता कामा नयेत.”

पोर गाल फुगवून फुंकायचं. बुडबुडे यायचे, श्वास संपायचा, बुडबुडे थांबायचे.

“पंक्चर!” मावशी ओरडायची.

मग ती स्वतः नळी तोंडात धरायची, आणि घमेल्यात बुडबुड्यांची जी रांग लागायची ती तुटायचीच नाही. नाकाने हवा आत घ्यायची आणि त्याच वेळी गालात साठवलेली बाहेर सोडायची, एवढंच ते गुपित होतं. पण सांगायला सोपं, करायला गेलं की नाकातोंडात पाणी. एकदा का पोराच्या डोक्यात बसलं की आपल्यालाही हे जमलंच पाहिजे, की ते मावशीच्या तावडीत सापडलंच म्हणून समजा. कारण घमेल्याच्या मागोमाग यायचा जोडपावा.

जोडपावा म्हणजे शेजारी शेजारी धरलेले बांबूचे दोन पावे. दोन्ही एकदम तोंडात. एक पावा एकच सूर धरून बसतो, हट्टी म्हाताऱ्यासारखा, आणि दुसऱ्यावर बोटं नाचतात. श्वास तुटला की धरलेला सूर तुटतो आणि मग त्या चालीत राम राहत नाही. मावशी हे पावे दुकानातच बनवायची. सायकलचा मोडका आरा शेगडीवर लाल करून त्याने बांबूला भोकं पाडायची, सूर चढला तर भोकाच्या कडेला मेण लावायचं, उतरला तर मेण खरवडायचं. नवशिक्या पोरांसाठी वायरिंगच्या प्लास्टिक पाइपचे पावे असायचे, कारण बांबूचा पावा पोरं पहिल्या दिवशी चावून ठेवतात हा तिचा अनुभव होता. शिकवण्याचे पैसे ती घेत नसे. एकदा एका आईने विचारलंच, तर म्हणाली, “हवेचे कुणी पैसे घेतं का?”

ही विद्या तिच्या घरातली. तिचे वडील, त्यांचे वडील आणि त्यांच्याही मागचे सगळे शहराबाहेरच्या टेकड्यांवर शेळ्या-मेंढ्या राखायचे. जोडपावा हे त्यांचं करमणुकीचं साधन नव्हतं, कामाचं हत्यार होतं. पाण्यावर न्यायची चाल वेगळी, पांगलेली जनावरं गोळा करायची वेगळी, हरवलेल्या कोकराला हाक मारायची वेगळी. पुढे टेकड्यांवर इमारती आल्या, कुरणं गेली, कळप विकला गेला आणि वडील खाली येऊन सायकली दुरुस्त करू लागले. आता ते ऐंशीच्या घरात होते. दुकानामागच्या खोलीत राहायचे आणि दिवसभर दारातल्या स्टुलावर बसून चाकांचे आरे बोटाने छेडत राहायचे. ज्या आऱ्याचा आवाज बसका येईल तो ढिला. चाक सरळ करायचं काम हातून सुटलं होतं, पण कुठला आरा ढिला आहे ते सांगायचं काम त्यांनी सोडलं नव्हतं, आणि त्याबरोबरची बडबडही.

गल्लीतली पोरं त्यांना आजोबा म्हणायची. आजोबांच्या तोंडाचं बोळकं झालं होतं. पुढचे दात गेले, मग आजूबाजूचे गेले, मागची एखादी दाढ उरली होती ती केवळ हट्टाने.

आणि इथेच सगळं घोडं अडलं होतं. घरातला नियम असा, की जोडपावा पुढच्या दातांत धरायचा. दात घट्ट, ओठ सैल. लहान पोराचे पुढचे दुधाचे दात पडले, की नवे येईपर्यंत त्याला पावा द्यायचा नाही. टेकडीवर हा नियम चालून जायचा. तिथे पोर जाऊन जाऊन जाणार कुठे? आज नाही तर पुढच्या वर्षी, शेळ्यांच्या मागेच सापडायचं. पण गल्लीत हवामावशीकडे पोरं यायची ती सहा-सात वर्षांची, सायकलला मागची छोटी चाकं असलेली. बुडबुडे शिकायची, एक-दोन चाली शिकायची, आणि तेवढ्यात पुढचे दात हलायला लागायचे. मग मावशी त्यांच्या केसांवरून हात फिरवायची आणि म्हणायची, “दात आले की ये.”

दात यायचे. पोरं यायची नाहीत. तोवर कुणाला क्रिकेटचं वेड लागलेलं असायचं, कुणाला फोनचं, कुणाला क्लासचं. मोठ्या सायकलवर बसून, नव्या कोऱ्या दातांनी मावशीला बत्तीशी दाखवत ती उतारावरून भुर्रकन निघून जायची. तिचा स्वतःचा मुलगासुद्धा असाच गेला होता. आता तो परगावी नोकरीला होता आणि फोनवर म्हणायचा, “आई, मला ती पाण्याची चाल अजून अर्धी आठवते.” अर्धीच. मावशी हसायची, फोन ठेवायची आणि चार माणसांना पुरेल एवढ्या जोराने पंप मारायची. वर्षानुवर्षं ती पोरांना शिकवत होती आणि तिच्यापाशी पूर्ण शिकलेला एकही माणूस नव्हता.

तीही पूर्ण शिकलेली नव्हती, हे तर आणखी जिव्हारी लागणारं.

एक चाल राहिली होती. परतीची चाल. संध्याकाळी, उन्हं डोंगराआड गेली की टेकडीवर पांगलेल्या कळपाने माना वर करून घराकडे वळावं, म्हणून वाजवायची. घरातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात शेवटी शिकवायची. ती शिकवायचीही पद्धत ठरलेली: दोघांनी समोरासमोर बसायचं, शिकवणाऱ्याने वाजवायचं, शिकणाऱ्याने त्याच्या बोटांवर आपली बोटं हलकेच ठेवायची, आणि मग अदलाबदल. तोंडाने गुणगुणून ही चाल द्यायची नाही. कधीच नाही. कारण गुणगुणायची सवय लागली की माणूस भर दुपारीही गुणगुणतो, आणि शेळ्या अर्ध्या पोटी घराकडे चालू लागतात.

मावशी मोठी झाली तेव्हा शिकायची वेळ आली होती. पण तेव्हा लग्न होतं, मग मूल झालं, मग दुकान अंगावर पडलं. बापलेक दोघंही म्हणायचे, शिकू उद्या. असं उद्या-उद्या करता करता आजोबांचे दात गेले.

कवळीचा प्रयोग झाला होता. तो गल्ली अजून विसरलेली नाही. नवी कवळी बसवून आजोबा शाळेच्या कार्यक्रमात वाजवायला गेले. पुढच्या रांगेत मोठ्या बाई, मागे दाटीवाटीने पोरं. आजोबांनी पावा तोंडात धरला, गाल फुगवले आणि पहिल्याच दमदार फुंकीला कवळी पाव्यासकट बाहेर आली, ती थेट मोठ्या बाईंच्या मांडीवर. बाई धीराच्या. त्यांनी पर्समधून रुमाल काढला, कवळी नीट गुंडाळली आणि उठून हातात आणून दिली. सभागृह हसून लोळत होतं. आजोबाही हसले. घरी येऊन मात्र त्यांनी कवळी पेल्यात टाकली आणि पावा ट्रंकेत टाकला.

मग एका वर्षी आजोबा खोकून खोकून आजारी पडले. हॉस्पिटलात राहावं लागलं. बरे होऊन आले, आल्याआल्या दारातल्या चाकाचा आरा छेडून “हा ढिला आहे” म्हणाले, सगळं पूर्ववत झालं. पण मावशीच्या डोक्यातून एक विचार काही जाईना. हा माणूस गेला तर ती चाल जाणार. नुसती तिच्यापुरती नाही, साऱ्या जगातून. कारण ती आणखी कुणालाच येत नव्हती.

“बाबा, फोनमध्ये गुणगुणा ना एकदा. मी रेकॉर्ड करते,” ती म्हणाली.

“गुणगुणायची नाही.”

“अहो, शेळ्या कुठे आहेत आता? दूर दूरपर्यंत शेळीचं शेपूटसुद्धा नाही!”

“तुला काय ठाऊक, कुठून येतील,” आजोबा म्हणाले आणि पुढचा आरा छेडला.

सांगून सांगून तिच्या दाताच्या कण्या झाल्या. आजोबांच्या झाल्या असत्या, पण त्यांना ती सोय नव्हती.

आता बडबडीची ओळख करून द्यायला हवी. ही शेजारच्या इस्त्रीवाल्याची मुलगी. जागेपणी तिच्या तोंडाचा पट्टा बंद झालेला कुणी पाहिला नव्हता, आणि झोपेतही बोलते असं तिचा बाप सांगायचा. पण नळी तोंडात आली की ती गप्प व्हायची, एवढ्यासाठी तरी इस्त्रीवाला हवामावशीचे उपकार मानायचा. बुडबुड्यांत ती पहिल्याच आठवड्यात पटाईत झाली. पाण्याची चाल शिकली, गोळा करायची शिकली, आणि कोकराची चाल अशी वाजवायला लागली की समोरच्या सलूनमधला न्हावी कात्री थांबवून ऐकायचा. मावशीला तिच्याकडे बघून आनंदही व्हायचा आणि धडकीही भरायची, कारण बडबडीचे पुढचे दोन्ही दात चांगलेच हलत होते.

आणि एका संध्याकाळी ती उतारावरून नाचतच आली. मूठ उघडून दाखवली.

“मावशी, बघ! दोन्ही एकदम! सफरचंदात अडकून आले!”

“अरे वा,” मावशी म्हणाली.

“आज कोणती चाल?”

“आज काही नाही. आता दात आले की ये.”

“कधी येतील?”

“येतील की. घाई काय आहे?”

बडबडीने मूठ मिटली. “मावशी, माझा दादा तुझ्याकडे यायचा ना? तूच म्हणालीस त्याला, दात आले की ये. त्याला केव्हाच आले. एवढे मोठे मोठे आलेत. मग तो आला का?”

उत्तर नसलं की मोठी माणसं जे करतात तेच तिनेही केलं, ओरडली. “घरी जा बघू! सगळीकडे तोंड वाजवायला हवं!”

बडबडी गेली. गल्लीत त्याच दिवशी तिचं नवं बारसं झालं. दातांच्या फटीमुळे पोरं तिला ‘खिडकी’ म्हणायला लागली, आणि ती उलट “खिडकीतून वारा छान येतो” असं ऐकवायला लागली.

दुसऱ्या दिवशी मावशी एका सायकलची चेन बसवत खाली वाकली होती, तर मागे काहीतरी बुदबुदल्यासारखा आवाज आला. वळून पाहते तर बडबडी घमेल्यापुढे गुडघे टेकून बसलेली, तोंडात प्लास्टिकचा जोडपावा, आणि आख्खं तोंड पाण्यात. शाळेचा गणवेश पोटापर्यंत ओला.

“अगं ए! काय चालवलंयस हे?”

बडबडी फुसफुसत वर आली. केसांतून पाणी गळत होतं. “मावशी, तू बघ ना! मी फुंकते तर हवा कुठून तरी पळते. मला माझं तोंड दिसत नाही. तू बघ, कुठून पळतेय!”

आता विचार करा. जन्मभर पंक्चर शोधत आलेली बाई. समोर घमेलं, घमेल्यात गळणारी वस्तू. तिला राहवेल कसं? मावशीने हातातली चेन टाकली आणि घमेल्यावर वाकली.

“बुडव.”

बुडबुड, बुडबुड. “डावीकडून,” मावशी म्हणाली. “पडलेल्या दाताच्या फटीतून. वरचा ओठ आत ओढ. हिरडीवर घे.”

बडबडीने ओठ आत ओढला आणि परत बुडी मारली.

“आता कमी झाली. कोपऱ्यातून थोडी येतेय. खालचाही ओठ घे आत. घट्ट. अगदी एखाद्या कंजुषाच्या पाकिटासारखा.”

तिसऱ्यांदा बुडी मारली, आणि बुडबुडे फक्त पाव्याच्या भोकांतून आणि टोकांतूनच आले. तोंडाभोवती एकही नाही. मावशी त्या पाण्याकडे बघत राहिली. पंक्चर झाली म्हणून ट्यूब फेकून देणाऱ्या गिऱ्हाइकाला ती चारचौघांत झापायची, “एवढ्याशा भोकासाठी चांगली ट्यूब टाकतोस?” आणि इतकी वर्षं तिने स्वतः काय केलं होतं? एकापाठोपाठ एक, हसऱ्या तोंडाची, दोन दात पडलेली पोरं तिने आपल्या हाताने दुकानाबाहेर काढली होती. एकदाही घमेल्यात बुडवून बघितलं नव्हतं, हवा कुठून पळते ते. तिला स्वतःची इतकी चीड आली की तिने बडबडीलाच घट्ट धरलं, आणि तीही ओली झाली.

“वाजव,” ती म्हणाली. “पाण्याची चाल.”

बडबडीने पावा झटकला, ओठ आत घेतले आणि वाजवली. आवाज थोडा जाड आला, पण धरलेला सूर शेवटपर्यंत तुटला नाही.

स्टुलावर आजोबांचं बोट आऱ्यावर थांबलं होतं.

“तसं धरणं म्हणजे काही धरणं नव्हे,” ते म्हणाले. “आवाज बसका आहे.”

“बसका का होईना, आला तर खरा,” मावशी म्हणाली.

आजोबांनी नाक मुरडलं आणि ते आत निघून गेले.

सकाळी मावशी दुकानात आली तेव्हा शटर अर्धवट वर होतं. आत आजोबा घमेल्यासमोर पाट घेऊन बसलेले. सदऱ्याची कॉलर चिंब, भुवयांवरून पाणी ठिबकतंय आणि मांडीवर ट्रंकेतून काढलेला जुना, तपकिरी पडलेला जोडपावा.

“बाबा?”

“तोंड धूत होतो,” आजोबा म्हणाले.

“पंक्चरच्या पाण्यात?”

“पाणी ते पाणी.”

मावशीने घमेल्यातलं पाणी बदललं, कोमट करून ओतलं, आणि मग बराच वेळ भिंतीकडे तोंड करून, आधीच नीट लावलेले पाने पुन्हा लावत बसली.

संध्याकाळी बडबडीने सगळा कारभार हातात घेतला.

“आजोबा, तुम्ही बुडवा, मी बघते. हं. उजवीकडून पळतेय. ओठ आत. आणखी आत. आजोबा, तुमचे ओठ फार ढिले आहेत!”

“ऐंशी वर्षं वापरलेत,” आजोबा म्हणाले.

“मग आता कसून बांधा. आणि ती एक दाढ मध्ये येऊ देऊ नका.”

गल्लीला फुकटचा तमाशा मिळाला. न्हावी गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोडून बघायला आला. इस्त्रीवाला “माझी पोर स्वतः तर बुडालीच, आता म्हाताऱ्यालाही बुडवतेय” म्हणून कपाळाला हात लावून उभा राहिला आणि तिथून हलला मात्र नाही. आजोबांच्या नाकात पाणी जायचं, ते शिंकायचे, शिव्या द्यायचे, आणि परत वाकायचे. मावशीचा जीव त्यांच्या छातीत अडकलेला. “बाबा, पुरे आता, खोकला होईल.” आजोबा ऐकतील तर शपथ. गाल त्यांचे अजून तयार होते. जन्मभराची सवय, हवा साठवायची आणि सोडायची ती कुठे जाते? ओठ तेवढे हट्टाला पेटले होते. कधी सूर यायचा आणि वितळायचा. कधी नुसतीच हवा. असे बरेच दिवस गेले. गल्लीला तमाशाचा कंटाळा आला, न्हावी आपल्या कामाला लागला, आणि आजोबा बुडत राहिले.

मग एका संध्याकाळी सूर राहिला.

आधी आजोबांनी कोकराची चाल थोडी वाजवून बघितली. थांबले. ओठ पुसले. उताराच्या वरच्या टोकाला, इमारतींच्या मधून जेवढं आकाश दिसतं तेवढ्याकडे मान वर करून पाहिलं. उन्हं गेली होती. वेळ बरोबर होती. त्यांनी पावा पुन्हा तोंडात घेतला आणि परतीची चाल धरली.

एक पावा खाली, जाड आवाजात, अढळ. दुसरा हळूहळू वर चढला, अगदी वर पोहोचणार असं वाटलं, आणि तिथून वळला. घाई न करता एकेक पायरी उतरत खाली आला आणि खालच्या सुरापाशी येऊन टेकला. पुन्हा चढला, पुन्हा वळला. बस, एवढीच चाल. मावशीच्या हातात चाक होतं, ते तसंच राहिलं. लहानपणी ती टेकडीवरच्या घरात घोंगडीवर पडून हीच चाल ऐकायची. हळूहळू आवाज मोठा व्हायचा, म्हणजे बाबा जवळ आले. मग खुरांचा आवाज, मग आईने दार उघडल्याचा. ती चाल तिने शेवटची ऐकली तेव्हा कळप विकायचा होता, आणि हे शेवटचं आहे हे कुणी तिला सांगितलं नव्हतं. ती रडली. उघडउघड, आवाज करून रडली, आणि वंगणाच्या हातांनी डोळे पुसून सगळं तोंड काळं करून घेतलं.

“मावशी, तुला मिशा आल्या,” बडबडी म्हणाली.

आजोबा वाजवायचे थांबले. लेकीकडे पाहिलं आणि समोरची जमीन थोपटली. “ये. बस इथे. उद्या नको.”

ती समोर बसली. त्यांच्या सुरकुतलेल्या बोटांवर तिने आपली काळी बोटं ठेवली, आणि ते वाजवू लागले. मग अदलाबदल झाली. तिने आपला पावा नेहमीसारखा दातांत धरला आणि वाजवला. आजोबांनी मान हलवली.

“तसं नाही. वळणावर सूर ताठ येतोय. तिथे ओठांनी सैल सोडायला हवा.”

“तुम्ही पूर्वी दातांनीच वाजवायचात ना?”

“वाजवायचो. पण आता हे जास्त गोड येतंय, मला आत्ता कळतंय. ओठ आत घे.”

तिने ओठ आत घेतले. जमेना. चांगले मजबूत दात, पन्नाशीतही एक किडलेला नाही, आणि नेमके तेच मध्ये येत होते.

“मावशी,” बडबडी अतिशय गंभीरपणे म्हणाली, “तू दात पडले की ये.”

त्या दिवशी आजोबा इतके हसले की त्यांना खोकला आला, आणि मावशीही हसत हसत त्यांची पाठ चोळत राहिली.

मावशी ती चाल शिकली. दात बाजूला ठेवायला तिला वेळ लागला, पण बडबडीने तिला घमेल्यात बुडवून बुडवून शिकवलं. मग आजोबांनी बडबडीला समोर बसवलं. तिने चाल उचलायला फार वेळ घेतला नाही, आणि शेवटी आजोबांनी बोट वर करून तिला बजावलं, “ही फक्त संध्याकाळी. दुपारी नाही. ऐकलंस?”

“पण शेळ्याच नाहीत ना, आजोबा?”

“ऐकलंस का नाही?”

“ऐकलं.”

दुकानाच्या शटरवर मावशीने पांढऱ्या रंगाने लिहिलं, ‘दात पडले असतील तरी या’. आली की पोरं. पडलेल्या दातांची, अर्ध्या उगवलेल्या दातांची, एक तर पडलेला दात खिशात घेऊन फिरणारा. आणि रोज उन्हं गेली की तिघांपैकी कुणीतरी दुकानाच्या दारात उभं राहून परतीची चाल वाजवायचं. गल्लीतल्या आयांना ही सोय भारीच आवडली. खिडकीतून घसा फाटेपर्यंत हाका मारूनही जी पोरं ऐकत नसत, ती पावा ऐकला की सायकली वळवायची. “पावा झाला, घरी या,” हा नियमच पडून गेला. उतारावर, मैदानात, कुठेही पांगलेली असोत, थोड्याच वेळात गल्लीत घराघराचे दिवे लागायचे आणि दारांत सायकली लागायच्या.

मग एके दिवशी, टळटळीत दुपारी, शाळेतल्या पहिलीच्या बाई तरातरा उतार उतरून दुकानात आल्या. त्यांच्या मागे, मान खाली घालून, बडबडी.

“हवामावशी, हा काय प्रकार आहे?” बाई धापा टाकत होत्या. “मधल्या सुट्टीत हिने मैदानात तो पावा वाजवला. आणि तुमच्या गल्लीतली सगळी छोटी पोरं हातातले डबे तसेच ठेवून, दप्तरं पाठीला लावून, रांगेने फाटकाकडे चालायला लागली! मी हाका मारतेय, एक मागे वळून बघेल तर शपथ! फाटकावरच्या काकांनी कसंबसं अडवलं!”

मावशीने बडबडीकडे पाहिलं. बडबडी जमिनीकडे पाहत होती आणि, तोंडात नळी नसतानाही, गप्प होती.

स्टुलावरून खुसखुस आवाज यायला लागला. आजोबांनी चाक बाजूला ठेवलं. त्यांचं सगळं बोळकं उघडं पडलं होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि छाती हलत होती. त्यांनी लेकीकडे बोट दाखवलं.

“शेळ्या कुठे आहेत म्हणत होतीस ना?” ते म्हणाले. “बघ. अर्ध्या पोटी निघाल्या.”

मावशीने बाईंना बसायला स्टूल दिलं आणि बडबडीला म्हणाली, “जा, सगळ्यांना सांग, आधी डबे संपवा.”